खंडी, कुडो आणि बाराखडी

सांगली जिल्ह्यातील द्राक्षांच्या मुलुखातून चंद्रपूर जिल्ह्यातील सिंदेवाही तालुक्यात पतीची बदली झाली, तेव्हा नातेवाइकांनी वाघ आणि ऊन या दोनच गोष्टींची चौकशी केली. दोन्ही येथे भरपूर आहेत. परंतु नवख्या माणसाला खरा जाच होतो तो आपल्यावाचून गावात कोणाचे काही अडत नाही, या जाणिवेचा. गावातील माणसे अगत्यशील होती, शेजारच्या घरातून नवे तांदूळ आणि वालाच्या शेंगा येत असत, लग्नाच्या पंगतीत मला आग्रहाने पुढे बसवत असत. तरीही मी होते ती बँकवाल्या साहेबांची मिसेस. पाहुणचार इतका नेटका होता, की पाहुणेपण सरण्याची चिन्हे दिसेनात.

केंद्र शासनाचा नवभारत साक्षरता कार्यक्रम, ज्याला 'उल्लास' म्हणतात, तो २०२२ ते २०२७ या काळासाठी असून त्यात १५ वर्षांवरील निरक्षरांना स्वयंसेवकांनी विनामोबदला शिकवायचे असते. गावातील जिल्हा परिषद शाळेच्या मुख्याध्यापकांनी माझे बी.एड. झाल्याचे ऐकले आणि ते विचारायला घरी आले. मी होकार दिला त्यात समाजसेवेचा भाग थोडा होता. दुपार सरता सरत नव्हती, हे कारण अधिक खरे. साक्षरतेचे वर्ग सायंकाळी भरावेत असा सर्वसाधारण समज आहे, पण ब्रह्मपुरी वनविभागातील जंगलाला लागून असलेल्या गावात दिवेलागणीनंतर बायकांनी वाटेने ये-जा करावी, असे कोणीही शहाणा माणूस म्हणणार नाही. म्हणून दुपारची वेळ ठरली आणि समाजमंदिरात सतरंजी अंथरली गेली.

अ, आ, इ, ई पासून आरंभ करण्याचा विचार मी लवकरच सोडला. साठीच्या बाईला 'अननस' वाचता येऊन तिचे काय भले होणार? तिला हवी होती स्वतःची सही, एसटीच्या पाटीवरील 'नागभीड' आणि 'मूल', आणि बँकेतील पैसे काढण्याची स्लिप. त्यामुळे प्रत्येकीचे नाव हाच तिचा पहिला धडा झाला. झाडीबोलीत, म्हणजे पूर्व विदर्भातील या भागाच्या बोलीत, 'ण' चा उच्चार नाही, त्यामुळे श्रुतलेखनात 'पानी' आणि 'लोनी' असेच येई. मी पाटीवर 'पाणी' लिहिले, की एक आजी शांतपणे म्हणत, "लिवतो तुमच्यासारखं, पन बोलन माह्यासारखंच." हा करार मला मान्य होता आणि आजही आहे.

अंकगणितात मात्र शिकवण्यासारखे फारसे नव्हते. येथे धान आजही खंडी-कुडोच्या मापाने मोजतात आणि वीस कुडोंची एक खंडी होते. दशक आणि एकक समजावून सांगताना माझी दमछाक होत आहे हे पाहून एका काकूंनी विचारले, की तीन खंडी सात कुडो म्हणजे किती, हे मला सांगता येईल का. मी फळ्यावर साठ अधिक सात अशी मांडणी करीपर्यंत मागून तीन-चार आवाजांत "सदुसट" असे उत्तर आले होते. "हे त आमाले येते मॅडम, फक्त लिवता येत नाई." त्या दिवसापासून बेरीज त्या तोंडी करत, अंक मी लिहून दाखवत असे.

वर्गाचे वेळापत्रक धानाने आणि जंगलाने ठरवले. पावसाळ्यात रोवणी, म्हणजे धानाची लावणी, सुरू झाली की सतरंजीवर कोणीही नसे, कारण गुत्त्याने, म्हणजे ठरावीक रकमेच्या कंत्राटाने, घेतलेली बांधी (धानाचे बांधलेले शेत) पुरी केल्याशिवाय बाई घरी येत नाही. मे महिन्यात तेंदूपत्त्याची तोडणी असे. १७ मार्च २०२४ रोजी झालेली 'उल्लास'ची परीक्षा नेमकी मोहफुले पडण्याच्या दिवसांत आली. वाचन, लेखन आणि संख्याज्ञान यांचे प्रत्येकी पन्नास, असे दीडशे गुण होते आणि सकाळी दहा ते सायंकाळी पाच या वेळेत सवडीने येण्याची मुभा होती. ही मुभा ज्याने ठेवली त्याला गावाची जाण असावी, कारण आमच्या बायका पहाटे मोह वेचून, तो अंगणात वाळत घालून, मगच पेपरला बसल्या. वर्गखोलीभर मोहाचा गोड, किंचित आंबूस वास होता.

त्या वर्षी दिवाळीला मी माहेरी गेले आणि मंडई उरकल्यावर परतले. या भागात भाऊबीजेपासून गावोगावी मंडई, म्हणजे जत्रा, भरते आणि रात्री गडचिरोली जिल्ह्यातील वडशाच्या नाटक कंपन्यांची नाटके उजाडेपर्यंत चालतात. आल्याबरोबर वर्गातल्या बायकांनी ओसरीवर माझी हजेरी घेतली. "मंडईले कायले नाई थांबल्या? जागा धरून ठेवली होती आमी." स्वर सरळ रागाचा होता, त्यात साहेबांच्या मिसेसची भीड कुठेही नव्हती. पाहुण्यावर असे कोणी रागावत नाही, हे घरी येताना माझ्या ध्यानात आले आणि मी पतीला सांगितले, की पुढची दिवाळी येथेच करायची. तशी ती केलीही; नाटकाच्या जाहिरातीवरील तिकिटाचे दर त्या वेळी काकूंनी मला वाचून दाखवले, जणू काही ते मलाच वाचता येत नव्हते.

जुलै २०२४ पासून 'लाडकी बहीण' योजनेचे दरमहा पंधराशे रुपये सुरू झाले आणि ज्यांनी आधी वर्गाकडे पाठ फिरवली होती, त्या बायकाही पाटी मागू लागल्या. नव्यांना सही शिकवण्याचे काम आता उत्तीर्ण झालेल्या दोघी करतात आणि माझ्यापेक्षा कडक शिस्तीने करतात. जुन्यांची मागणी वेगळी आहे: खात्यात पैसे जमा झाल्याचा संदेश मोबाईलवर इंग्रजीत येतो, तेव्हा तेवढे इंग्रजी शिकवावे. रोवणी आटोपली की हा वर्ग सुरू होईल. दुपारी दोनची वेळ त्यांनीच आपसांत ठरवली असून मला फक्त कळवली आहे.