जाळीआडून फोटो: माझा अनुभव

मुंबईत मुलं जिथे खेळतात तिथे जाळी असतेच. शिवाजी पार्कात सीझन बॉलची प्रॅक्टिस नेटमध्ये चालते आणि उपनगरातल्या टर्फवर तर चारही बाजूंनी नेट, वर डोक्यावरही नेट. बॉल बाहेर गेला तर कुणाच्या तरी गाडीची काच गेलीच, त्यामुळे कुरकुर करण्यात अर्थ नाही. आमचा थोरला क्रिकेट खेळतो, धाकटी फुटबॉल. म्हणजे माझ्या वाट्याला दोन्ही जाळ्या. टर्फवर आत येऊन फोटो काढू का, असं सरांना विचारून पाहिलं. "ताई, आत फक्त मुली आणि मी," ते म्हणाले. खरंच आहे, त्या टर्फवर कडेला उभं राहायला जागाच नसते.

फोनवर काढलेल्या फोटोत मुलगी पुसट आणि धागे ठसठशीत. याचं कारण लेन्सच्या तोंडात असतं. फोनच्या कॅमेऱ्यात प्रकाश आत यायची वाट जेमतेम काही मिलिमीटर रुंद. दोन मिलिमीटरचा धागा आडवा आला की त्यातली बरीचशी बंद. माझ्याकडे ५५-२५० मिलिमीटरची साधी झूम लेन्स आहे. २५० वर एफ/५.६ ठेवलं (एफचा आकडा जितका लहान, तितकी लेन्स जास्त उघडी) तर २५० भागिले ५.६, म्हणजे ही वाट साधारण ४५ मिलिमीटर होते. तेवढ्या रुंदीत एक धागा किरकोळ. त्याच्या दोन्ही बाजूंनी प्रकाश येत राहतो आणि धागा विरून जातो. एफ/११ केलं की वाट निम्मी, आणि जाळीच्या चौकटी परत डोकावू लागतात. तेव्हा झूम पूर्ण, ॲपर्चर, म्हणजे ही प्रकाशाची वाट, पूर्ण उघडं, हूड (लेन्सपुढचं ऊन अडवणारं कडं) काढून लेन्स जाळीला जवळजवळ भिडवलेली, आणि मूल जाळीपासून जितकं लांब तितकं बरं. हातात फोनच असेल तर त्याची छोटी लेन्स सरळ जाळीच्या एका भोकासमोर नेमकी धरायची. धागा वाटेत येतच नाही. मोठा कॅमेरा मिरवणाऱ्या आमच्यासारख्यांना हे पचायला जड जातं, पण चालतं मस्त.

क्रिकेटच्या नेटला मात्र लेन्स टेकवू नका. कट किंवा पुल बसला की नेट चांगलंच बाहेर फुगतं आणि मागे काय आहे ते बॉल बघत नाही. बॅट्समनच्या रेषेत मी उभीच राहत नाही. बॉलरच्या टोकाकडे सरकून जरा तिरकं उभं राहायचं. फार तिरकं नको, कारण मग भोकं अरुंद दिसतात आणि जाळी दाट होते. उजव्या हाताने खेळणारा असेल तर बॉलरच्या डाव्या बाजूला, म्हणजे ऑफ साइडला उभं राहिलं की छाती आणि चेहरा समोर येतो. आमचा डावखुरा, म्हणून माझी जागा पलीकडची.

सगळ्यात जास्त छळलं ते उन्हाने. धाग्यावर थेट ऊन पडलं की धागा दिसत नाही, पण सगळा फोटो दुधाळ होतो. पांढऱ्या नेटवर तर विचारूच नका; काळं नेट त्या मानाने सोसतं. पार्कातल्या पर्जन्यवृक्षांची सावली जाळीवर पडेल अशी जागा मी आधी शोधते. ती नसेल तर काळी छत्री. नवऱ्याने ती लेन्ससमोरच्या हातभर जाळीवर सावली पडेल अशी धरायची. शेजारच्या एका काकांनी विचारलंच, "वहिनी, कॅमेऱ्याला ऊन लागतंय का हो?" हसू द्या, फरक त्याच फोटोत कळतो. उरलेला धुरकटपणा घरी काँट्रास्ट वाढवून आणि काळा रंग जरा गडद करून जातो.

फोकसचं म्हणाल तर कॅमेऱ्याला मोकळं सोडलं की तो जाळीच पकडायला धावतो. नेटमध्ये बॅट्समन क्रीज सोडून फारसा हलत नाही, म्हणून स्टंपवर फोकस लावून मॅन्युअल करून टाकते, म्हणजे कॅमेरा तो आपणहून बदलत नाही. फुटबॉलला तो मार्ग नाही. तिथे एकच फोकस पॉइंट, कंटिन्युअस मोड (हलणाऱ्याच्या मागे फोकस फिरत राहतो), आणि आधी लांबच्या गोलपोस्टवर फोकस नेऊन मग मुलीवर. तिथून सुरुवात केली की जाळीवर अडकणं खूप कमी होतं.

रात्रीच्या टर्फची तऱ्हा वेगळी. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे काही एलईडी सेकंदाला शंभर वेळा लुकलुकतात. डोळ्यांना कळत नाही, पण शटर १/१००० सेकंदाला नेलं की एक फोटो उजळ, पुढचा काळवंडलेला. कॅमेऱ्यात अँटी-फ्लिकर (हे लुकलुकणं सांभाळणारी सोय) असेल तर चालू करा. मी १/५०० वर राहते, आयएसओ (कॅमेऱ्याची प्रकाश टिपण्याची संवेदनशीलता) वाढवते आणि फोटोत थोडे दाणे चालवून घेते. फ्लडलाइट फ्रेममध्ये येऊ द्यायचा नाही. त्याचा जो धूसर गोळा होतो त्यात जाळीची नक्षी हमखास उमटते. पावसाळ्यात धाग्यांना लटकलेले थेंब तसेच चमकतात, म्हणून आधी नेटला एक झटका. शेजारी कोण उभं आहे ते बघून.

एक गोष्ट मात्र जमत नाही. मूल खेळता खेळता जाळीला येऊन चिकटलं की धागे चेहऱ्यावर येतातच. तेव्हा मी कॅमेरा खाली घेते आणि ओरडते.

फ्रेममध्ये दुसऱ्यांच्या मुलीही येतात. म्हणून सरांना सांगितल्याशिवाय मी कॅमेरा बॅगेतून काढत नाही आणि फोटो फक्त पालकांच्या ग्रुपवर टाकते. एका आईने सुरुवातीलाच सांगितलं होतं, "आमचीचे नकोत." तिची मुलगी डिफेन्सला खेळते, म्हणजे आमच्या गोलपाशी झालेल्या निम्म्या फोटोंत ती असतेच. ते फोटो आधी बाजूला काढते, मग बाकीचे पाठवते.