ठोके 76, पण ब्लॉक नाही

चिठ्ठीवर निदान लिहूनच आलं होतं: 26 आठवडे, पोटातल्या बाळाचे ठोके मिनिटाला 76, आईच्या रक्तात अँटी-रो प्रतिपिंडं, हार्ट ब्लॉक, म्हणजे हृदयाच्या वरच्या कप्प्याचा इशारा खालच्या कप्प्यापर्यंत न पोचणं. त्यासाठी डेक्सामेथासोन हे स्टिरॉइड दोन दिवसांपासून चालू. ठोके 110 ते 160 हवेत, इथे जेमतेम निम्मे; ही प्रतिपिंडं बाळाच्या हृदयातली वहनाची वाट बिघडवतात तीही साधारण याच आठवड्यांत. सगळं इतकं जुळलं की वरच्या कप्प्याकडे कोणी पाहिलंच नव्हतं. मशीन देतं तो आकडा खालच्या कप्प्याचा.

पोटातल्या बाळाचा ईसीजी रोजच्या कामात मिळत नाही. म्हणून सोनोग्राफीत एम-मोडचा (एका रेषेवरची हालचाल पट्टीवर उमटवणारा) कर्सर असा टाकायचा की तो वरच्या आणि खालच्या कप्प्याला एकदम छेदेल. बाळ पालथं असलं की यातच अर्धा तास जातो. माझ्या पहिल्या पट्टीत वर दोन ठोके, खाली एक. दोनास एक ब्लॉक म्हणून सही करून मोकळा झालो असतो. पण पट्टी सावकाश सरकत होती, लाटा एकमेकींना चिकटलेल्या. पट्टी सरकण्याचा वेग, स्वीप स्पीड, 100 वर नेला आणि वरच्या ठोक्यांमधली अंतरं कॅलिपरने मोजली: 300 मिलिसेकंद, 480, पुन्हा 300, 480. खरा ब्लॉक असता तर वरचा कप्पा आपल्या तालात चालला असता, 390 च्या आसपास, फार तर थोडा इकडेतिकडे. इथे प्रत्येक नियमित ठोक्यामागून एक आगंतुक येत होता, तोही इतक्या लवकर की खाली जाणारी वाट आधीच्या ठोक्यातून सावरलेलीच नसे. तो वरच विरायचा. दोन्ही अंतरांची बेरीज 780, म्हणजे मिनिटाला 77. यालाच म्हणतात ब्लॉक्ड एट्रियल बायजेमिनी.

प्रतिपिंडं मात्र खरी होती, तेव्हा वाट खरंच बिघडलेली नाही ना, हे बघायला हवं होतं. तेवढ्यात बाळ हललं, आगंतुक काही सेकंद थांबले, ठोके 148. घाईघाईने वरची महाशिरा आणि महाधमनी रक्तप्रवाह टिपणाऱ्या एकाच डॉपलर गेटमध्ये धरून पीआर, म्हणजे इशारा वरून खाली पोचायला लागणारा वेळ, मोजला: 118 मिलिसेकंद. 150 च्या पुढे असता तर गोष्ट वेगळी होती. अंगात कुठे पाणी नाही, झडपा गळत नाहीत.

डेक्सामेथासोन थांबवलं, नाहक चाललं तर बाळाची वाढ खुंटते, गर्भजल कमी होतं. दुसरं औषध नाही. आगंतुकांतून कधी 200 च्या वरचा वेग सुरू होऊ शकतो, म्हणून दर आठवड्याला ठोके आणि पीआर. फाइलवर लाल शाईत लिहिलं: केवळ 76 दिसले म्हणून सिझेरियन नको. बाळाचे ठोके नोंदणाऱ्या सीटीजी यंत्राला हा ताल कळत नाही, आणि रात्रपाळीला फाइल कोण वाचतं!

29 व्या आठवड्यात आगंतुक गेले. ती पहिली पट्टी ठेवलीय. अजूनही बघितली की दोनास एकच दिसतं.