परदेशी पक्षीपालनाची नोंद : कोल्हापूर आणि शेजारच्या गावांतील नियम

गेल्या काही आठवड्यांत पिंजऱ्यांपेक्षा कागदपत्रांतच अधिक वेळ गेला. सन कोन्यूर या परदेशी पोपटाची पिल्ले आता स्वतः दाणे फोडू लागली असून त्यांतील एक जयसिंगपूरच्या स्नेह्यांना आणि एक निपाणीच्या मित्राला द्यायचे ठरले आहे. त्यानिमित्ताने प्रत्येक गावी काय नियम लागतात, हे तपासून पाहिले.

गावांच्या स्वतःच्या नियमांत शोधू गेल्यास हाती फार थोडे लागते. कोल्हापूर, इचलकरंजी आणि सांगली-मिरज-कुपवाड या महानगरपालिकांना १९४९ चा महानगरपालिका अधिनियम लागू आहे, तर जयसिंगपूर, कागल, गडहिंग्लज येथे १९६५ चा नगरपरिषदांचा अधिनियम चालतो. पक्षी पाळणाऱ्याशी या दोन्हींचा संबंध येतो तो मुख्यतः अस्वच्छता, उपद्रव आणि सार्वजनिक आरोग्य यांपुरता. शेजाऱ्यांनी दुर्गंधीची किंवा कर्कश आवाजाची तक्रार केल्यास पालिका दखल घेऊ शकते (सन कोन्यूरचे ओरडणे ज्याने ऐकले आहे, तो त्या शेजाऱ्यांना दोष देणार नाही). कोणता पक्षी पाळता येईल, हे मात्र वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ वरून ठरते आणि तो कोल्हापुरात एक, सांगलीत दुसरा असा नाही.

या अधिनियमातील २०२२ ची दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून अमलात आली आणि साइटिस या वन्य प्राणी-वनस्पतींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या कराराच्या परिशिष्टांतील परदेशी जाती अनुसूची ४ द्वारे कायद्याच्या कक्षेत आल्या. त्यानंतर फेब्रुवारी २०२४ च्या नियमांनी अशा जिवंत प्राण्यांची नोंदणी केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाच्या ‘परिवेश’ संकेतस्थळावर करणे बंधनकारक केले. आधीपासून ताब्यात असलेल्यांसाठी सहा महिन्यांची मुदत होती, ती कधीच सरली. नव्याने घरी आलेल्यासाठी तीस दिवस मिळतात. पिल्लांचा जन्म, हस्तांतरण आणि मृत्यू हेही कळवावे लागतात.

खरा गुंता जात ओळखण्याचा आहे. बजरीगर, कॉकाटील आणि गुलाबी तोंडाचा लव्हबर्ड साइटिसच्या परिशिष्टांत नाहीत. परंतु फिशर लव्हबर्ड परिशिष्ट २ मध्ये आहे. त्यामुळे दुकानात ‘आफ्रिकन’ म्हणून शेजारी शेजारी ठेवलेल्या दोन लव्हबर्डांपैकी एकाची नोंदणी लागते आणि दुसऱ्याची लागत नाही. पावतीवर शास्त्रीय नाव लिहून घेण्याचा आग्रह मी त्यासाठीच धरतो, मग दुकानदार कितीही कंटाळो. आफ्रिकन ग्रे पॅरट २०१७ पासून परिशिष्ट १ मध्ये असल्याने त्याच्या पैदाशीसाठी स्वतंत्र परवाना लागतो. आपला देशी पोपट, पहाडी पोपट आणि तारा कासव यांना तर कायद्याचे संरक्षण आहे. ते कोणत्याच गावी घरात ठेवता येत नाहीत, जरी अनेक घरांत पोपटाचा पिंजरा आजही दिसत असला तरी.

गाव बदलल्याने कायदा बदलत नसला, तरी राज्य बदलले की कार्यालय बदलते. जयसिंगपूरचे स्नेही महाराष्ट्रातच असल्याने त्यांचा अर्ज नागपूरच्या मुख्य वन्यजीव रक्षकांकडे जाईल. निपाणी कोल्हापूरपासून सुमारे ४० किलोमीटरवर असली, तरी ती कर्नाटकात येते, म्हणून तेथील मित्राचा अर्ज त्या राज्याच्या मुख्य वन्यजीव रक्षकांकडे जाईल. दोन्ही पिल्लांची छायाचित्रे आणि पायातील रिंगांचे क्रमांक तयार ठेवले आहेत. जयसिंगपूरचे काम आधी हाती घेणार असून निपाणीचे पिल्लू दोन्ही बाजूंची कागदपत्रे जुळेपर्यंत माझ्याकडेच राहील.