नवं ग्राफिक्स कार्ड घेण्याआधी हीटसिंकमधला कापूस काढा

इचलकरंजीतली धूळ वेगळी आहे. मी इथे मागांच्या शेडमध्ये जॉबर, म्हणजे माग लावणारा-दुरुस्त करणारा, आहे, त्यामुळे ही धूळ दिवसभर अंगावर असते आणि रात्री घरी गेम खेळायला बसलो की तीच संगणकाच्या कॅबिनेटमध्येही भेटते. साधी धूळ कोरडी आणि सुटी असते. हीटसिंकच्या, म्हणजे चिपची उष्णता ओढून घेणाऱ्या धातूच्या पात्यांच्या, फटींतून त्यातली बरीचशी हवेबरोबर निघून जाते. आमच्याकडे हवेत सुताचे बारीक तंतू असतात, आणि तंतू अडकतो. दोन पात्यांच्या मध्ये एक तंतू आडवा बसला की त्याला दुसरा धरतो, त्यावर धूळ बसते, स्वयंपाकघरातल्या फोडणीचा तेलकटपणा ते सगळं चिकटवतो आणि वर्षभरात घोंगडीसारखा घट्ट थर तयार होतो. पंखा फिरत असतो, आवाजही करतो, पण हवा आत जातच नाही.

एप्रिल उजाडला की ओळखीतल्या पोरांचे फोन सुरू होतात. यंदा पहिला फोन मावसभावाचा होता. "दादा, कार्ड गेलं बघ. फ्रेम लई पडायला लागल्यात." फ्रेम म्हणजे पडद्यावर सेकंदाला उमटणारी चित्रं; ती कमी झाली की गेम अडखळतो. पोरगं इंजिनिअरिंगला आहे. मशीन रायझन 5 3600 प्रोसेसर आणि जीटीएक्स 1660 सुपर कार्डाचं, रॅम 16 जीबी. आज कुणी याला नवं म्हणणार नाही, पण व्हॅलोरंट खेळायला भरपूर झालं. नवं कार्ड घ्यायचं त्याचं ठरलेलं होतं आणि मावशीने त्यासाठी भिशी उचलायची तयारी केली होती. मी विचारलं, "सुरू केल्या केल्या अडकतं का थोड्या वेळानं?" तो म्हणाला, पहिली पंधरा-वीस मिनिटं एकदम मस्त चालतं, मग झटके सुरू होतात.

निम्मं निदान इथेच झालं. कार्ड गेमला कमी पडत असेल तर ते पहिल्या मिनिटापासून कमी पडतं. सुरुवातीला चांगलं पळून नंतर दमणारं मशीन बहुतेक वेळा तापलेलं असतं. हा फरक माहीत नसल्यामुळे कितीतरी घरांत वीस-पंचवीस हजार उगाच खर्च होतात, आणि नवं कार्डही त्याच कोंडलेल्या डब्यात बसवलं की काही महिन्यांत तेही तसंच तापतं.

अंदाजावर जाऊ नका, आकडे बघा. तापमान दाखवणारं एचडब्ल्यूइन्फो हे सॉफ्टवेअर फुकट मिळतं, आणि एमएसआय आफ्टरबर्नर लावलं की खेळतानाच तापमान आणि क्लॉक (चिपचा वेग) पडद्याच्या कोपऱ्यात दिसतात. त्याच्या मशीनवर पंचवीसाव्या मिनिटाला प्रोसेसर 95 अंशांवर खिळलेला होता. रायझन 5 3600 ची कमाल मर्यादाच 95 आहे. तिथे पोचला की तो स्वतःला वाचवण्यासाठी वेग उतरवतो. कागदावर 4.2 गिगाहर्ट्झपर्यंत जाणारी ही चिप 3.4 च्या आसपास रेंगाळत होती. कार्ड 84 अंशांवर होतं. एनव्हिडियाची कार्डं मर्यादेची वाट बघत नाहीत, तापमान चढेल तसा क्लॉक थोडा थोडा आधीपासूनच कमी करत जातात. त्यात व्हॅलोरंटसारख्या गेममध्ये 1080पी ला भार कार्डापेक्षा प्रोसेसरवर जास्त असतो. म्हणजे हजारो रुपये कार्डावर घातले असते तरी झटके तसेच राहिले असते.

मशीन गच्चीवर नेलं. हे काम घरात करू नका, उडालेली घाण परत पंख्यातूनच आत जाते. केबल काढल्यावर पॉवरचं बटण काही सेकंद दाबून धरायचं, म्हणजे उरलासुरला करंट निघून जातो. हात घालण्याआधी कॅबिनेटच्या उघड्या पत्र्याला स्पर्श करायचा, म्हणजे अंगातली स्थिर वीज बोर्डावर जात नाही. हवेसाठी हार्डवेअरच्या दुकानात मिळणारा साधा हातातला ब्लोअर पुरे. आमच्याकडची पोरं कारखान्यातल्या कॉम्प्रेसरचा पाइप लावतात, ते मला अजिबात मान्य नाही. त्या हवेबरोबर पाणी येतं, तेलाचे कण येतात आणि दाब इतका असतो की नाजूक भाग हलू शकतो. व्हॅक्यूम क्लीनरचं तोंडही बोर्डाला लावू नका, त्याने स्थिर वीज तयार होते. ब्लोअर मारताना पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवा. भर्रकन फिरणारा पंखा बघायला छान वाटतं, पण त्याचं बेअरिंग खराब होतं आणि असा फिरल्याने तयार होणारी वीज उलटी बोर्डाकडे जाऊ शकते.

एवढं करूनही कापूस निघत नाही, हे नीट लक्षात घ्या. पंख्याच्या बाजूने हवा मारली तर थर उलट आणखी आत दाबला जातो. कूलर, म्हणजे प्रोसेसरवरचा हीटसिंक आणि पंखा, उतरवावाच लागतो. रायझनच्या एएम4 सॉकेटमध्ये पिना प्रोसेसरला असतात आणि प्रोसेसर व कूलर यांच्या मधली उष्णता वाहणारी जुनी पेस्ट वाळून डिंकासारखी धरते, त्यामुळे कूलर सरळ वर ओढला तर अख्खा प्रोसेसर सॉकेटमधून उपटून येतो आणि पिना वाकतात. म्हणून उघडण्याआधी दहा मिनिटं गेम चालवून पेस्ट गरम करून घेतली होती. चारही स्क्रू समोरासमोरचे थोडे थोडे सैल केले, मग कूलर अगदी हलक्या हाताने डावीकडे-उजवीकडे फिरवला. एका क्षणी तो गुळगुळीत सरकायला लागतो, ते बोटांना कळतं. तेव्हाच उचलायचा.

कूलरवरचा पंखा सोडवल्यावर खाली पाती दिसतच नव्हती. मऊ रंगकामाच्या ब्रशने कडेने सोडवलं आणि पूर्ण गोल, पंख्याच्या मापाचा राखाडी थर एका तुकड्यात हातात आला. त्यात निळ्या सुताचे तुकडे होते. मावशीच्या घरामागच्या शेडमध्ये रंगीत बीम (सुताचे मोठे रूळ) चालतात, तिथलंच ते सूत खिडकीतून येऊन इथे बसलेलं. भाऊ तो थर उजेडात धरून बराच वेळ बघत राहिला.

पेस्ट खडूसारखी कोरडी झाली होती. ती 99 टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि चष्म्याच्या कापडाने पुसली. कापूस वापरू नका, त्याचे तंतू मागे राहतात. नव्या पेस्टचा वाटाण्याएवढा ठिपका मधोमध, मी आर्क्टिक एमएक्स-4 वापरतो, आणि परत समोरासमोरचे स्क्रू आळीपाळीने आवळायचे. एक बाजू आधी पूर्ण आवळली तर पेस्ट एकीकडे ढकलली जाते.

कार्ड बाहेर काढून ब्रश आणि ब्लोअरने साफ केलं, पण उघडलं नाही. कार्डाच्या आत मेमरीवर थर्मल पॅड (उष्णता वाहणारे मऊ तुकडे) असतात, त्यांची जाडी ठरलेली असते. फाटलेल्या पॅडच्या जागी चुकीच्या जाडीचा बसला तर हीटसिंक मुख्य चिपला टेकतच नाही. बाहेरून साफ करून तापमान उतरत असेल तर आत हात घालायची गरज नाही. पॉवर सप्लाय तर कधीच उघडायचा नाही, केबल काढल्यावरही त्यातल्या कपॅसिटरमध्ये जीवघेणा चार्ज राहू शकतो. बाहेरून जाळीतून हवा मारा, पुरे.

डबा उघडला होता म्हणून रॅमकडेही बघितलं, आणि बरं झालं बघितलं. दोन्ही पट्ट्या शेजारी-शेजारी, पहिल्या-दुसऱ्या खाचेत होत्या. चार खाचांच्या बोर्डावर बहुतेक वेळा त्या प्रोसेसरपासून दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत घालायच्या असतात, तरच रॅमचे दोन्ही चॅनेल (मार्ग) चालतात. शिवाय 3200 वेगाची रॅम 2133 वर चालत होती. कारण सापडलं बोर्डावरच्या सीआर2032 सेलमध्ये. तो उतरला होता, त्यामुळे लाइट गेली की बायोसमधलं (बोर्डाच्या मूळ सॉफ्टवेअरमधलं) सगळं सेटिंग पुसलं जायचं आणि रॅम पूर्ण वेगाने चालवणारं एक्सएमपी बंद व्हायचं. घड्याळ चुकतं अशी तक्रार पोराने आधी केली होती, पण त्याचा गेमशी संबंध असेल असं कुणाला वाटलं नव्हतं. रायझनला रॅमच्या वेगाचा फार फरक पडतो, कारण आतल्या कोअरना जोडणारा मार्ग रॅमच्याच क्लॉकला बांधलेला असतो. सेल बदलला, एक्सएमपी चालू केलं.

दुसऱ्या दिवशी त्याच वेळेला, त्याच खोलीत परत मोजलं. वेळ तीच ठेवावी लागते, कारण खोली 30 अंशांवर असताना आणि 37 वर असताना घेतलेले आकडे एकमेकांशेजारी ठेवता येत नाहीत. प्रोसेसर 79 वर थांबला आणि क्लॉक 4 गिगाहर्ट्झच्या वर राहिला. कार्ड 73. सरासरी फ्रेम वाढल्याच, पण मला जास्त आनंद सगळ्यात खालच्या 1 टक्का फ्रेमचा झाला: 60 च्या आसपास होत्या त्या 120 च्या पुढे गेल्या. हाताला झटका जाणवतो तो या खालच्या आकड्यामुळे. पेस्ट, अल्कोहोल, सेल मिळून खर्च हजाराच्या आत. मावशीची भिशी तशीच राहिली.

आता हे टिकवायचं कसं? कॅबिनेट जमिनीवर ठेवू नका, तंतू खाली बसतात आणि खालूनच ओढले जातात. पुढच्या बाजूला नायलॉनची बारीक जाळी लावा आणि आत हवा घेणारे पंखे बाहेर फेकणाऱ्यांपेक्षा जास्त ठेवा, म्हणजे हवा फटींतून न घुसता जाळीतूनच येते. आमच्याकडे जाळी पंधरवड्याला धुवावी लागते. तुंबलेली जाळी ही जाळी नसल्यापेक्षा वाईट. पुढून बंद काच असलेल्या कॅबिनेटवर आमच्या भागात कुणी पैसे घालू नयेत, दिव्यांचा झगमगाट कितीही आवडला तरी. रत्नागिरी-मालवणकडे कापूस नाही, पण खारी दमट हवा धातूला खाते. तिथल्यांनी पावसाळ्यात मशीन आठवडेच्या आठवडे बंद ठेवू नये.

हे सगळं करूनही पहिल्या मिनिटापासून फ्रेम कमी येत असतील, कार्डाचं तापमान 75 च्या आत असेल आणि त्याचा वापर 99 टक्के दिसत असेल, तर कार्ड खरंच कमी पडतंय. नव्या मोठ्या गेमना अशा कार्डाची 6 जीबी मेमरी अपुरी पडते, त्याला ब्रश काही करू शकत नाही. तेव्हा कार्ड जरूर घ्या. आणि साफसफाई झाल्याच्या दिवशीचे आकडे, म्हणजे तारीख, खोलीचं तापमान, प्रोसेसर आणि कार्ड, एका चिठ्ठीवर लिहून साइड पॅनेलच्या आतून चिकटवून ठेवा. पुढच्या वेळी उघडाल तेव्हा तुलनेला तीच लागेल.