मुदतवाढीवर जगणारा पूरविमा

कर्ज मंजूर, कागद तयार, आणि तरीही ऑक्टोबरात ह्यूस्टनच्या घराची किल्ली हातात आली नाही. ३० सप्टेंबर २०२५ ला अमेरिकेच्या सरकारी पूरविम्याची मुदत संपली, इथल्या संसदेतलं, म्हणजे काँग्रेसमधलं, भांडण मिटेना, सरकारी कामकाज ठप्प झालं आणि १२ नोव्हेंबरपर्यंत नवी पॉलिसी निघणंच बंद. पूररेषेतलं घर बँकेच्या कर्जावर घ्यायचं तर १९७३ च्या कायद्याने पूरविमा सक्तीचा. खासगी विमा मिळत होता, पण त्याचा हप्ता परवडणारा नव्हता.

मूळ योजना मला मनापासून आवडते. १९६५ च्या बेट्सी वादळानंतर, खासगी कंपन्या पुराची जोखीम घेत नव्हत्या म्हणून १९६८ मध्ये सरकारने ती घेतली. आज घराला अडीच लाख डॉलरपर्यंत आणि सामानाला एक लाखापर्यंत संरक्षण आहे. पैसे हक्काचे. २०१९ मध्ये सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णा ५७ फुटांवर गेली, तेव्हा आमच्या घरच्यांनी चिखल उपसत तलाठ्याची वाट पाहिली. पंचनामा, यादी, यादीत नाव नाही म्हणून पुन्हा अर्ज. सानुग्रह अनुदानात भिंतींचा रंगही निघाला नाही.

तरी इथले सहकारी आपल्याकडच्या व्यवस्थेला नावं ठेवतात तेव्हा मला राग येतो. आमच्याकडे पॉलिसी आहे का, हे कुणी विचारलं नव्हतं. दुष्काळी तालुक्यांतून भाकऱ्यांच्या गाड्या आल्या होत्या. इथे २०१७ च्या हार्वे वादळात ह्यूस्टनची जी घरं बुडाली त्यांतल्या बहुतेकांचा पूरविमाच नव्हता, कारण नकाशाप्रमाणे ती पूररेषेबाहेर होती.

पण मला खरा संताप पैशाच्या व्यवस्थेचा येतो. लोकांनी भरलेल्या हप्त्यांतून ही योजना चालावी अशी अपेक्षा होती. २००५ च्या कतरिना वादळाने ती मोडली. खजिन्यातून कर्ज काढावं लागलं. २०१७ मध्ये काँग्रेसने त्यातले १,६०० कोटी डॉलर माफ केले, तरी आज २,००० कोटींच्या वर देणं उरलंय आणि त्याचं व्याज आमच्यासारख्यांच्या हप्त्यांतून जातं. २०१२ मध्ये हप्ते खऱ्या जोखमीइतके वाढवणारा कायदा झाला. किनाऱ्यावरच्या लोकांनी ओरड केली आणि २०१४ मध्ये त्यातला बराच भाग मागे घेतला. हप्ते वाढवायचे नाहीत आणि तूट कायमची भरून काढायचीही नाही! म्हणून २०१७ पासून तीसहून जास्त वेळा नुसती मुदतवाढ. नोव्हेंबरात मिळालेली मुदतही ३० जानेवारी २०२६ पर्यंतचीच होती. लाखो घरं ज्यावर टेकलीत, त्या योजनेला हा श्रीमंत देश तात्पुरत्या कर्मचाऱ्यासारखं वागवतो.

"नदीकाठ सोडा म्हणून आम्हाला सांगतोस, आणि स्वतः तिथल्या बायूच्या, म्हणजे संथ ओढ्याच्या, काठी घर घेतोस?" असं दादाने फोनवर विचारलं. दोन्ही गोष्टी सारख्या नाहीत. मुलीची शाळा इथेच आहे, ह्यूस्टनमध्ये पाण्यापासून लांब घर शोधायचं तर ऑफिस दीड तासावर जातं, आणि माझ्या घराच्या जोत्याची उंची कागदावर मोजलेली आहे. सांगलीच्या घराला विमा घ्या, असं मी त्याला अजूनही सांगतो. इथल्या आमच्या खासदाराला मात्र मी पत्र लिहिलंय: २०१२ मध्ये दिली होती तशी सलग पाच वर्षांची मुदत द्या, आणि कमी पडणाऱ्या पैशाची तरतूद त्याच कायद्यात करा.