एकतिसावी सरकी

स्मरणिकेसाठी चार ओळी लिहा, असं शाळेचं पत्र आलं आणि मला सर्वांत आधी सुतळी आठवली. कोणत्या सरांबद्दल लिहितोय, हे १९९४च्या बॅचला सांगायला नको.

अंकगणिती श्रेढी नुकतीच संपली होती. सूत्र पाठ, त्यामुळे आम्ही जरा शेफारलेलेच. सरांनी फळ्यावर लिहिलं : १, २, ४, ८, १६. मी ताडकन उठलो. "बत्तीस! दुप्पट होऊन राहिली ना, सर."

"पाहिलं काय बे तू?"

सगळा वर्ग मैदानावर. फक्कीचं मोठं वर्तुळ आखलं, मागच्या वावरातून पऱ्हाट्या आणल्या. वर्तुळावर पऱ्हाट्या रोवायच्या आणि प्रत्येकीपासून प्रत्येकीला सुतळी बांधायची. दोन पऱ्हाट्यांना वर्तुळाचे दोन तुकडे, तिनांना चार, चारांना आठ, पाचांना सोळा. सहा मात्र मी स्वतः दोरीनं मोजून अगदी सारख्या अंतरावर रोवल्या. मग तुकड्यागणिक एकेक सरकी टाकत मोजलं. तीस! पुन्हा मोजलं, तीसच.

सर काही बोलले नाहीत. एक पऱ्हाटी उपटून वीतभर बाजूला रोवली, सुतळ्या ताणल्या. मधोमध तीन सुतळ्या एकाच जागी भेटत होत्या, तिथं चिमुकला त्रिकोण उघडला.

"टाक सरकी."

एकतीस.

मग तिथंच उकिडवं बसून कारण सांगितलं. अख्खं वर्तुळ हा पहिला तुकडा. नवी सुतळी एक तुकडा वाढवते, शिवाय वाटेत जितक्यांना कापेल तितके आणखी. एक, सुतळ्या पंधरा, छेद पंधरा. सात पऱ्हाट्यांना सत्तावन्न येतील म्हणाले. रविवारी आमच्या अंगणात करून पाहिलं, आले. (बकरीनं सुतळी ओढायच्या आत मोजले म्हणून.)

त्या मैदानावर आता गट्टू बसवलेत म्हणे. पऱ्हाटी कुठं रोवायची?

आज अमरावतीत माझा स्पर्धा परीक्षेचा क्लास आहे. आमची पोरं पोलिसात लागली, तलाठी झाली. संख्यामालिकेच्या प्रश्नाला मिनिटभरही देता येत नाही. १, २, ४, ८, १६ दिसलं की बत्तीसचा गोल काळा कर, हे मीच शिकवतो. मार्क त्यालाच मिळतात.

गेल्या उन्हाळ्यात सर क्लासवर आले होते. पाया पडलो. भिंतीवरचे निवड झालेल्या पोरांचे फोटो त्यांनी चष्मा लावून एकेक पाहिले.

"मालिका शिकवतं काय रे?"

हो म्हटलं, आणि घाईघाईनं चहा सांगायला बाहेर गेलो.