सिस्टर, प्रार्थनेनं बरं होतं का?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. तसे हे विचारणारे तुम्ही पहिले नाही. धुळ्यात सरकारी दवाखान्यात नोकरीला होते तेव्हा वॉर्डात विचारायचे, आता निवृत्तीनंतर भाजीबाजारात विचारतात. ‘सिस्टर, तुमच्या चर्चमध्ये प्रार्थनेनं माणूस बरा होतो म्हणे, खरं का?’ खेड्यावरची बाई असली की सरळ अहिराणीत, ‘देव खरंच ऐकस का तुमनं?’ काही जण टोमणा मारायचा म्हणून विचारतात, ते सोडा. काहींच्या घरात मात्र कुणीतरी अंथरुणाला खिळलेलं असतं. मी त्यांच्यासाठी लिहिते आहे.

आधी नर्स म्हणून बोलते, कारण तिथे माझी कसलीच भीड नाही. पावसाळ्यात कपाशीची निंदणी सुरू झाली की आमच्याकडे सर्पदंशाचे पेशंट यायचे. नाग, मण्यार, घोणस, फुरसं यांतलं काही चावून विष अंगात भिनलं, तर त्यावर प्रतिविष लागतं. ते सलाईनमधून शिरेत द्यावं लागतं आणि जितकं लवकर दिलं तितकं बरं. आधी भगताकडे नेलेला पेशंट आणि आधी प्रार्थनेला बसवलेला पेशंट, दोघेही माझ्या लेखी सारखेच उशिरा आलेले. साप, विंचू, कुत्रं चावलेल्याला उपचारापासून अडवून मंत्रतंत्र करत बसणं 2013च्या जादूटोणाविरोधी कायद्यानं गुन्हा आहे. मी ख्रिस्ती असले तरी तो कायदा मला परका वाटत नाही.

आणि बायबल तरी निराळं काय सांगतं? हिज्कीया राजा मरणाच्या दारात होता. त्यानं भिंतीकडे तोंड करून रडत प्रार्थना केली, देवानं त्याचं आयुष्य 15 वर्षांनी वाढवलं. आमचे लोक गोष्ट इथंच थांबवतात. पुढे यशया संदेष्टा काय म्हणतो, तर अंजिरांची चांदकी आणा आणि त्याच्या गळवावर बांधा. म्हणजे पोटीस! देवानं ऐकलं आणि वर औषधही सांगितलं. शुभवर्तमान, म्हणजे येशूचं चरित्र, लिहिणारा लूक वैद्य होता. येशूचा प्रेषित पौल, त्याच्या हातून पुष्कळ लोक बरे झाले असं लिहिलंय, पण त्याच पौलानं आपल्या तरुण सहकाऱ्याला, तीमथ्याला, पोटाच्या तक्रारीसाठी थोडा द्राक्षारस घे म्हणून कळवलं आणि त्रफिम नावाच्या सोबत्याला मिलेत गावात आजारी ठेवून तो पुढे गेला. स्वतःच्या शरीरातल्या काट्यासाठी तर त्यानं तीनदा विनंती केली. काटा निघाला नाही. माझी कृपा तुला पुरे आहे, एवढं उत्तर आलं.

आता सांगा, पौलाचा विश्वास कमी पडला म्हणायचं का?

हे विचारायचं कारण आहे. माझ्या यजमानांना लकवा झाला तेव्हा आमच्याच ओळखीतल्या एकानं, घरी येऊन, चहा पिऊन, मला सांगितलं की विश्वास पुरा असता तर एव्हाना उठून बसले असते. आजाऱ्याच्या घरात असं बोलणं हा क्रूरपणा आहे, मग ते कितीही भक्तिभावानं बोललेलं असो. जन्मांध माणसाला पाहून शिष्यांनीही येशूला हेच विचारलं होतं, पाप कुणाचं, याचं की याच्या आईबापाचं? येशूनं दोन्हींना नाही म्हटलं. मोठ्या सभांमध्ये साक्ष द्यायला बरे झालेलेच उभे राहतात. जे तसेच राहिले ते मागच्या रांगेत बसलेले असतात, त्यांना कुणी माइक देत नाही. मी त्या रांगेतली आहे, म्हणून माझी साक्ष जरा वेगळी.

यजमानांची उजवी बाजू गेली आणि वाचाही गेली. ‘पाणी’ म्हणायचं असलं तरी तोंडातून भलतंच काहीतरी निघायचं, मग ते चिडायचे आणि डाव्या हातानं भांडं ढकलून द्यायचे. गुरुवारी आमच्या घरी प्रार्थनेला मंडळी जमली. नारायण वामन टिळकांचं एक गीत सुरू झालं आणि दुसऱ्या कडव्याला माझ्या लक्षात आलं, हे गातायत. शब्दासकट, सुरासकट. पेटी वाजवणारा थांबला तरी हे थांबेनात. बायका रडायला लागल्या. चमत्कार झाला म्हणून दुसऱ्या दिवशी गल्लीभर झालं.

मला त्याचं कारण माहीत होतं. बोलण्याचं केंद्र बहुतेकांच्या मेंदूत डाव्या बाजूला असतं. तिथे इजा झाली की बोलणं जातं, पण गाण्यात उजवी बाजूही काम करते, म्हणून वाचा गेलेला माणूस पाठ असलेलं गाणं म्हणू शकतो. पुस्तकात आहे हे. मी ते सगळ्यांना समजावून सांगितलं, पाळकांनाही, म्हणजे आमच्या चर्चच्या धर्मगुरूंनाही. त्यांचं तोंड थोडं उतरलं. पण त्या रात्री मी देवाचे आभार मानले ते मनापासून मानले. कारण कळलं म्हणून देणगी लहान होते, हे मला पटत नाही. लहानपणापासून रविवारी रविवारी जे गात आले, तेच त्यांच्याजवळ उरलं होतं आणि ‘पाणी’ म्हणता न येणारा माणूस देवाशी बोलत होता.

ते नंतर काही वर्षं जगले. हात शेवटपर्यंत उचलला गेला नाही.

नवसाबद्दलही विचारता तुम्ही. चैत्रात खानदेशातून सप्तशृंगीला पायी जाणारे भाविक उन्हातान्हात निघतात, त्यांच्या श्रद्धेला मी नाव ठेवणार नाही. आमच्यात काय नवस नसतो? मुलगा बारावी पास झाला तर चर्चला पंखा देईन, असं पुटपुटणारे मला ठाऊक आहेत. धुळ्याच्या मे महिन्यात पंखा लागतोच, त्यामुळे पाळकही फार खोलात शिरत नाहीत. पण हा सौदा झाला. मीही हातासाठी असे सौदे मांडून पाहिले. नंतर मांडायला काही उरलं नाही आणि मी बायबलमधली स्तोत्रं वाचू लागले. आभाराची वाचवेनात, म्हणून तक्रारीची. 88वं स्तोत्र काढून बघा. माणूस रात्रंदिवस आरोळी मारतो आणि शेवट अंधारातच होतो, एक ओळही सांत्वनाची नाही. तरी ते शास्त्रात ठेवलंय! देवावर रागावून बोलायलाही जागा आहे, हे कळलं तेव्हा मी पुन्हा प्रार्थना करू शकले.

त्याची दया रोज सकाळी नवी होते, हे वचन आमच्या घराघरांत कॅलेंडरवर असतं. ते आहे बायबलातल्या विलापगीत नावाच्या पुस्तकात. यरुशलेम उद्ध्वस्त झाल्यावरचा पाच अध्यायांचा आक्रोश आणि त्याच्या मधोमध, तिसऱ्या अध्यायात, ही ओळ. पुढे परत रडणं आहेच. नवं होणं म्हणजे काय असं विचाराल, तर माझ्या अनुभवात ते एवढंच आहे. आक्रोश संपला नाही, पण सकाळी उठून यजमानांना आंघोळ घालायला अंगात बळ असायचं. ते आदल्या रात्री नसायचं.

तर बरं होतं का? कधी होतं, कधी नाही, आणि कुणाचं होणार हे मला आधी सांगता येत नाही. जो सांगतो आणि पैसे घेतो, त्याच्या दारातून परत फिरा. आमच्याकडे अजून गुरुवारी संध्याकाळी मंडळी जमते. तुमच्या माणसाला घेऊन या, कुठल्याही धर्माचे असा, आम्ही नाव घेऊन प्रार्थना करू. फक्त येताना डॉक्टरांची फाईल आणा. बीपीच्या गोळ्या देवाच्या भरवशावर बंद केल्या असतील, तर प्रार्थनेच्या आधी मी तुम्हाला चांगली झापणार आहे.